अँटीव्हायरस घरासाठी वेगळा, पेढीसाठी वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा लॅपटॉप घेताना विक्रेता अँटीव्हायरसची रक्कम पुष्कळदा न विचारताच बिलात धरतो आणि ग्राहकही भीतीपोटी ती देतो. वास्तविक विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस मुळातच असतो आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र संस्थांच्या चाचण्यांत तो अलीकडे विकतच्या नामवंत उत्पादनांच्या पंक्तीत बसतो. घरी ईमेल, बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल व अपडेट वेळच्या वेळी होत असतील, तर माझ्या मते तेवढे संरक्षण पुरेसे आहे. मात्र क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकण्यासाठी डिफेंडर बंद करून ठेवलेल्या संगणकावर कितीही महागडा अँटीव्हायरस बसवला, तरी त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही.

छोट्या पेढीचा प्रश्न निराळा आहे. कर सल्लागार या नात्याने मी अनेक व्यापाऱ्यांचे संगणक पाहतो. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार एकाच यंत्रावर चालतात आणि त्यावर घरगुती वापराचा परवाना असतो, जो बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार व्यवसायासाठी चालत नाही. पाच-सात संगणक असले, की कोणत्या यंत्रावरचे अपडेट अडकले, कोणी संरक्षण बंद केले, हे एकाच पडद्यावर दिसणे हाच व्यावसायिक आवृत्तीचा खरा उपयोग. पुण्याच्या क्विक हीलची सेक्राइट ही उत्पादने याच गरजेसाठी आहेत. पण तो पडदा रोज पाहणारा माणूस पेढीत नसेल, तर जास्तीचे पैसे वाया जातात.

शिवाय अँटीव्हायरस सगळेच झाकत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले, तेव्हा विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो पसरला तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असून ही उणीव अँटीव्हायरस भरून काढू शकत नाही. हिशेबाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेणारेही ती कायम जोडलेलीच ठेवतात. खंडणीखोर व्हायरस तिच्यावरील फायलीही सोडत नाही.

खटकते ते दराचे. पहिल्या वर्षी भरघोस सवलत आणि नूतनीकरणाला पूर्ण किंमत, तीही काही वेळा खात्यातून आपोआप वळती होते. विक्रेत्यांनी अँटीव्हायरसची रक्कम बिलात स्वतंत्र दाखवावी आणि दुसऱ्या वर्षीचा दर त्याच बिलावर छापावा, असा आग्रह ग्राहक संघटनांनी धरायला हवा.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, सांगली