मद्यमुक्ती गटांच्या सभांची वेळ आणि जागा छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात व्याख्याने, प्रदर्शने आणि रक्तदान शिबिरे यांच्या वेळा व जागा नियमितपणे छापल्या जातात. त्याच रकान्यात, दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या स्वमदत गटांच्या सभा कोठे आणि किती वाजता भरतात, ही माहितीही दर आठवड्याला द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मला दारू सोडून अकरा वर्षे झाली. अशा गटांविषयी मी प्रत्यक्ष सभेला जाण्याच्या दोन वर्षे आधीच ऐकले होते. मधला काळ गेला तो एवढ्याच प्रश्नात की, सभेचा पत्ता विचारायचा कोणाला? जो माणूस आपले पिणे घरच्यांपासून, सहकाऱ्यांपासून आणि डॉक्टरांपासूनही लपवत असतो, त्याने हा प्रश्न तोंडातून काढला की त्याचे गुपित तिथेच फुटते. वर्तमानपत्रातल्या चार ओळी मात्र कोणालाही काही न सांगता, एकट्याने वाचता येतात.

ही माहिती सहज हाती लागत नाही, याचे एक कारण गटांच्या रीतीतच आहे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून अशा गटांच्या संघटनेची, म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात झाली. प्रचार करून माणसे ओढायची नाहीत आणि वृत्तपत्रांतून सभासदाने आपले नाव उघड करायचे नाही, ही या संघटनेची परंपरा आहे. याच कारणाने या पत्राखाली माझे नाव छापू नये. परंतु सभेची वेळ आणि जागा सांगणे म्हणजे प्रचार नव्हे. ज्याला यायचे आहे त्याला दार दाखवणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

माहिती द्यायची तर ती तपासूनच द्यावी लागेल, कारण बहुतेक गट दुसऱ्याच्या जागेत, म्हणजे एखाद्या शाळेच्या वर्गात, रुग्णालयाच्या खोलीत किंवा प्रार्थनास्थळाच्या आवारात भरतात आणि जागा बदलत राहते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हाती एक जुने पत्रक होते. खोलीला कुलूप होते. सभा काही महिन्यांपूर्वीच दुसरीकडे हलली होती. त्या संध्याकाळी मी पुन्हा प्यायलो, आणि दुसऱ्यांदा सभा शोधण्याचे बळ गोळा करायला मला सात महिने लागले.

जागेबरोबरच सभा खुली आहे की बंद, हेही छापणे आवश्यक आहे. खुल्या सभेला घरचे, मित्र, विद्यार्थी, कोणीही बसू शकतो. बंद सभा ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यापुरती असते. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, नोंदणी नाही. साधारण तास-दीड तास लोक एकामागून एक आपला अनुभव सांगतात, मध्ये कोणी उलट प्रश्न विचारत नाही, आणि नव्या माणसाने काही न बोलता नुसते ऐकले तरी चालते. मी पहिल्या तीन सभांत एक शब्दही बोललो नव्हतो. सभा संपताच निघून न जाता दहा मिनिटे थांबून दोघा-तिघांचे फोन क्रमांक घ्यावेत, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. रात्री पिण्याची ओढ लागते तेव्हा तेच कामी येतात. एखाद्या गटात मन रमले नाही, तर निराश न होता दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. ज्यांना ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांतील, म्हणजे दारूपासून सुटण्याच्या बारा टप्प्यांतील, ईश्वराचा उल्लेख रुचत नाही, त्यांच्यासाठी ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे वेगळ्या पद्धतीचे गटही आहेत. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ आहे, आणि पिणारा स्वतः यायला तयार नसला तरी घरच्यांनी तेथे जावे.

रकान्याच्या तळाशी एक सूचना मात्र न चुकता असावी. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फेफरे येऊ शकते, त्यानंतर भ्रमिष्टावस्था येऊ शकते आणि त्यात जिवाला धोका असतो. गट हा औषधोपचाराला पर्याय नाही. उपचारांनंतर घरी परतलेल्या माणसाला रोजच्या जगण्यात साथ देणे हे गटाचे काम आहे आणि ते परिणामकारक आहे, याला संशोधनाचाही आधार आहे: वैद्यकीय संशोधनाची एकत्रित छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली, आणि माणसाला या सभांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

आपण होकार दिल्यास दर महिन्याला प्रत्येक गटाकडून वेळ, जागा आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक तपासून आपल्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो.

आपला,
एक वाचक
(नाव आणि पत्ता संपादकांना कळवला आहे.)