वायफाय जागं करून गेलेल्या शेजारच्या भाचीस

चि. बाय,

तुझे आभार फोनवर मानून झालेत. तरी हे चारचौघांत लिहितोय, कारण साखळी-डिचोलीकडे जुना लॅपटॉप घेऊन बसलेले माझ्यासारखे आणखीही असणार.

तू चवथीला मावशीकडे आलीस तेव्हा माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) छान चालत होतं, फक्त वायफायचं नावनिशाण नव्हतं. जत्रेच्या नाटकाची संहिता मी त्याच्यावर टाइप करतो. नटमंडळींना पानं पाठवायची तर पेनड्राइव्ह खिशात घालून भर पावसात दारोदार हिंडायचं. बाजारातले एक दुकानदार 'कार्ड गेलंय, नवीन टाका' म्हणून मोकळे झाले होते. लॅपटॉप उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

तू आल्या आल्या काही इन्स्टॉल करायला घेशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "काका, आधी कार्ड कुठलं ते त्यालाच विचारूया." टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय -एनएनके' दिलंस. एवढ्या गर्दीतून एक ओळ बोटाने दाखवलीस: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आणि पुढे चौकोनी कंसात १४ई४:४३६५. आधीचा आकडा कंपनीचा, नंतरचा त्या कार्डाचा. लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये निरनिराळी कार्डं घालतात, हेही तूच सांगितलंस. त्याच्या खाली वायफाय चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नावच नव्हतं. मग 'आरएफकिल लिस्ट' पाहिलंस. रेडिओ कुठल्या बटणाने बंद नाही, याची खात्री झाली. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

माझा प्रश्न तुला आठवत असेल. डेबियन १२ मध्ये, म्हणजे २०२३ पासून, फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं ना, मग हे का अडलं? तू चहा निवेपर्यंत समजावत बसलीस. फर्मवेअर म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, तो कार्डात भरायचा; ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसवायचा. या कार्डाला कर्नलमधला खुला ड्रायव्हर चालत नाही. ब्रॉडकॉमचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' लागतो आणि तो डेबियनच्या 'नॉन-फ्री' (खुल्या नसलेल्या) विभागात वेगळा ठेवलेला असतो. इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नेट नाही तर पॅकेज आणायचं कुठून? तू आपला फोन केबलने जोडलास, यूएसबी टेदरिंग चालू केलंस, फोनचं नेट लॅपटॉपला मिळालं, झालं. 'डब्ल्यूएल'चं पॅकेज 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस', त्याच्या आधी 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' (कर्नलच्या हेडर फाइली) घातलंस, कारण हेडर्स नसतील तर ड्रायव्हर बांधलाच जात नाही. बांधकाम अर्ध्यावर असताना वीज गेली (चवथीत वीज गेली नाही तर चवथ कसली), आणि माझी बॅटरी तर केव्हाच मेलेली. वीज आल्यावर तू शांतपणे 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' देऊन उरलेलं काम पुरं करून घेतलंस.

तरीही ड्रायव्हर चढवणाऱ्या 'मॉडप्रोब'ने तो नाकारलाच, किल्ली मान्य नाही म्हणून. मी हात टेकले असते. तू म्हणालीस, हा सिक्युअर बूटचा पहारेकरी आहे, त्याला सही ओळखीची करून द्यायची. 'एमओकेयूटिल'ने किल्ली नोंदवायला दिलीस, एक पासवर्ड मला कागदावर लिहायला लावलास. रीबूटवर निळा पडदा आला तेव्हा माउस माझ्याकडेच ठेवून म्हणालीस, "आता तुम्ही करा." माउस तिथे चालतच नाही, बाण आणि एंटर दाबायचे, हे कळल्यावर तू किती हसलीस!

त्यानंतर कर्नल बदललं, तेव्हा डीकेएमएसने ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला. संहितेचा दुसरा अंक मेलने गेला. परवा तर आमच्या तबलजींचा लॅपटॉप आला, त्यातही वायफाय नाही. मी काही न बोलता आधी कार्डाचा आकडा काढला. निघालं रिअलटेक, म्हणजे औषध वेगळं. दुकानदारांसारखं नवं कार्ड घ्यायला सांगितलं नाही, एवढी तुझी लाज राखली.

ब्लूटूथ मात्र अजून रुसलेलं आहे. ते त्याच कार्डावर असलं तरी त्याला आणखी एक फर्मवेअरची फाइल हवी असं दिसतंय. जत्रेला येशील तेव्हा बघू. केबल मी आणून ठेवलीय.

तुझा,
शेजारचा काका