मसुद्यातील एक वाक्य

पुणे,
चैत्र पौर्णिमा

ती. आई व ती. बाबा यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला मृत्युपत्राचा मसुदा मागच्या आठवड्यात मिळाला. दादाला त्यात काही सुचवायचे नाही, असे तो फोनवर म्हणाला. मला सुचवायचे आहे. अमळनेरचे घर आईच्या हयातीत तिच्याकडे आणि तिच्यानंतर आम्हा दोघांना निम्मे-निम्मे, शेतीपैकी केवळ तुमच्या स्वतःच्या हिश्शाची तजवीज, खाली दोन साक्षीदारांसाठी सोडलेली जागा. सगळे तुमच्या हातचे, म्हणून स्वच्छ आणि निःसंदिग्ध आहे. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे: ‘मुलांसाठी याहून अधिक काही करता आले नाही, याची खंत आहे.’ हे वाक्य काढून टाकावे, एवढी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. विनंतीला आधार काय, असे तुम्ही विचारणारच. म्हणून तो सविस्तर मांडते.

आजोबा 1989 साली गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आजी त्यांच्या आधीच गेलेली. मागे नऊ एकर जमीन आणि तुम्ही, काका व आत्या अशी तिघे भावंडे. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीचे आजोबा आणि दोन मुलगे असे आधी तीन भाग कल्पायचे, आणि मग आजोबांच्या वाट्याचे तीन एकर तेवढे तिघांनी सारखे वाटून घ्यायचे. म्हणजे तुम्हा भावांना चार-चार एकर आणि आत्याला एक. गावात तर तेवढेही बहिणी घेत नसत. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाई आणि लुगडे-चोळी देऊन तिची पाठवणी होई. काकांनी तसा कागद करून आणला होता. तुम्ही तो पूर्ण वाचलात, घडी घालून त्यांच्या हाती परत दिलात आणि आत्याचा एकर सातबाऱ्यावर तिच्या नावे लागेल, एवढेच म्हणालात.

त्या रात्री मी झोपले आहे असे तुम्हा दोघांना वाटत होते. तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून आईला सांगत होतात की आपल्या चार एकरांपैकी तीन एकर पोरांच्या हक्काचे आहेत, त्यांना हात लावता येणार नाही. पण जो एक एकर वडिलांच्या वाट्यातून वारसाने आला तो माझा एकट्याचा आहे, आणि तो बहिणीला द्यावा असे मनात आहे. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि विहीर कोणाच्या बाजूला जाईल, असे विचारले. आत्याच्या, असे तुम्ही म्हणालात. “मग बरं,” ती म्हणाली. दोन महिन्यांत बक्षीसपत्र नोंदले गेले. काका पुढे दोन वर्षे आपल्याशी बोलले नाहीत. बोलू लागले तेव्हाही त्यांनी आपल्याकडचे काही दिले नाही, आणि तुम्ही मागितले नाही.

त्या रात्रीचा एक शब्द मला फार नंतर, कायदा थोडाफार वाचायला लागल्यावर कळला. त्या तीन एकरांत जन्मतः हक्क होता तो तेव्हा फक्त दादाचा. मुलींना तो महाराष्ट्रात 1994 साली मिळाला, तोही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून, आणि देशभर मिळाला 2005 साली. तुम्ही मात्र 1989 सालीच ‘पोरांच्या हक्काचे’ म्हणालात. कायद्यातले बारकावे तुम्हाला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तुम्ही मला मोजले होते, बाबा. ज्या मुलीला तिच्या वडिलांनी कायद्याच्या आधी पाच वर्षे मोजले, तिच्यासाठी अधिक काही करता आले नाही, असे तुम्ही लिहिणार असाल तर तिला हरकत घेण्याचा अधिकार आहे.

दुसरा आधार तुमच्या वकिलीचा, आणि त्यात आईचे नाव तुमच्या बरोबरीने घ्यावे लागेल. पाझर तलावांसाठी आणि कालव्यांसाठी जमिनी गेलेले शेतकरी आपल्या ओट्यावर येत, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न किती पैसे मिळाले हा नसे. पैसे घेताना पावतीवर हक्क राखून घेत असल्याचे लिहिले का, हा असे. ते न लिहिता पैसे उचलले की वाढीव मोबदला मागण्याचा, म्हणजे भूसंपादन कायद्याच्या कलम 18 चा, रस्ता बंद होई. किती जणांच्या डोळ्यांत तो प्रश्न ऐकून पाणी आले, ते मी पाहिले आहे. ज्यांचा रस्ता उघडा होता त्यांच्या शेतावर तुम्ही स्वतः जात असा. विहिरीत पाणी असताना जमीन जिरायत धरली गेली का, दादर ज्वारी काढल्यावर दुसरे पीक घेतले जाई का, शेजारच्या शेताचे खरेदीखत कोणत्या भावाने झाले, हे सगळे वहीत टिपून आणायचे आणि मग सकाळच्या गाडीने धरणगावमार्गे जळगावचे न्यायालय गाठायचे. अपील झाले तर कन्नडच्या घाटातून औरंगाबाद खंडपीठ. मोबदल्याच्या टक्केवारीवर फी ठरवा म्हणून कितीतरी पक्षकार आग्रह करत. वकिलाला ते मना आहे, हे तुम्ही त्यांना दर वेळी शांतपणे समजावत असा.

आणि ती पोस्टकार्डे. 1984 च्या दुरुस्तीने कलम 28-अ आले, तेव्हापासून एकाने न्यायालयातून वाढीव भाव मिळवला की त्याच अधिसूचनेत जमीन गेलेल्या, पण कोर्टाची पायरी न चढलेल्या शेजाऱ्यालाही त्याच भावाने मोबदला मागता येऊ लागला. अट एवढीच की निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. खेड्यात हे कळणार कसे? निकाल लागला की त्या रात्री तुम्ही नावे वाचत असा आणि आई कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात, जसे असेल तसे, कार्डे लिहीत असे. वकिलाने कामासाठी आर्जव करू नये, म्हणून खाली तुमचे नाव नसे. गाव, गट नंबर, निकालाची तारीख, अर्जाची शेवटची तारीख आणि आईच्या ठसठशीत अक्षरातले शेवटचे वाक्य: ‘यासाठी वकील लागत नाही.’ कुणी अर्ज केला, कुणी नाही, याची वही ती ठेवत असे. जे लोक कधी तुमचे पक्षकार होणार नव्हते त्यांच्यासाठी तुम्ही दोघे जागत होतात आणि आम्ही दोघे त्याच खोलीत अभ्यास करत होतो. घरात आम्हाला वेगळा वेळ दिला नाही, असे तुम्ही हल्ली म्हणता. मला तर माझे सगळे बालपण तुमच्या सोबत गेल्याचे आठवते.

आईच्या पायाच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही तीन महिने तारखा पुढे मागून घेतल्यात आणि कळण्याची भाकरी थापायला शिकलात, ती जाड होई तरी ती रोज खात असे, हेही इथे नोंदवून ठेवते.

आता मसुद्याबद्दल. ते वाक्य काढावे. त्या जागी, आईची हरकत नसेल तर, तिची ती वही माझ्या नावे लिहावी. दादाला मी विचारले आहे, त्याला तुमचे शेताच्या टिपणांचे दप्तर हवे आहे. घराचे दोन भाग कसेही करा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पोचते. आत्यालाही बोलावून घ्या. तिच्या विहिरीला यंदा पाणी किती आहे ते विचारायचे आहे. आई, सांजोऱ्या मी आल्यावरच करायला घे, एकटीने ओट्याशी उभी राहू नकोस.

तुमची लेक