स्वतःच्या कामाची कॉल शीट

गोरेगाव, मुंबई

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, इतकी वर्षे सहायक दिग्दर्शक म्हणून दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी आणि मालिकांसाठी राबल्यावर स्वतःचे काही सुरू करण्याची उमेद माझ्यात उरली आहे का, असे तुम्ही मला विचारले होते. फोनवर त्याचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सेटवर उमेदीची वाट कोणी पाहत नाही. आदल्या रात्री कॉल शीट निघते. कोणी किती वाजता मेकअपला बसायचे, कोणता प्रसंग आधी घ्यायचा, हे सारे तिच्यात लिहिलेले असते आणि सकाळी सातला लाइटमनपासून नायिकेपर्यंत सगळे हजर होतात. कोणाचे मन लागत नसले तरी ट्रॉलीचे रूळ टाकले जातात, दिवे चढवले जातात, आणि पहिला शॉट पार पडला की मनही आपोआप कामात शिरते. स्वतःच्या चित्रपटासाठी मात्र अशी कॉल शीट काढणारे कोणी नसते. बारा तासांच्या शिफ्टमध्ये दिवसभर इतरांचे निर्णय अमलात आणून झाले, की रात्री वही उघडल्यावर स्वतःचा एक साधा निर्णय घेणेही जड जाते. माझ्याबरोबरीच्या अनेकांच्या पटकथा अशाच अर्ध्यावर पडून आहेत आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

या काळात मला सर्वांत अधिक बळ दादासाहेब फाळके यांच्या एका छोट्या कामाने दिले. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. पण त्याआधी, 1912 मध्ये लंडनहून मागवलेला कॅमेरा हाती आल्यावर, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून महिनाभर थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ नावाची ती फिल्म जेमतेम मिनिटभराची होती. ना नट, ना सेट, ना पोशाख. तीच फिल्म मोजक्या लोकांना दाखवून त्यांनी मोठ्या चित्रपटासाठी कर्ज उभे केले. मला यात पैशांपेक्षाही मोलाचे वाटते ते असे, की मोठे स्वप्न डोळ्यांसमोर असताना त्या माणसाने पहिले काम घरात होण्याजोगे निवडले आणि ते रोज केले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली, हेही आपल्याकडे फार कमी सांगितले जाते.

आपल्या कोल्हापूरचे उदाहरण तर तुम्हीच मला लहानपणी खरी कॉर्नरला सांगितले होते. आनंदराव पेंटर 1916 मध्ये वारले, तरी त्यांचे बंधू बाबूराव पेंटर यांनी दोघांनी हाती घेतलेला स्वदेशी कॅमेरा पुरा केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली.

तर माझ्या वाटाण्याविषयी. मला गुऱ्हाळावर सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळताना भेंडीच्या रसाने मळी वर येते, ती काढली जाते, रस दाटत जातो, आणि एका क्षणी गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवून पाहतो. काहील उतरवायची की नाही, हे त्या बोटांना कळते. थोडा उशीरही सगळा गूळ बिघडवू शकतो. त्या निर्णयाचा ताण मला पडद्यावर आणायचा आहे. उकळीचा आवाज रस दाटताना बदलतो, तो बदल प्रेक्षकाच्या कानाला कळला पाहिजे. त्यासाठी निवेदन ठेवणार नाही. रात्रीच्या काहिलीची वाफ आणि चिपाडांच्या जाळाचा उजेड असताना वेगळे दिवे लावण्याचीही मला गरज वाटत नाही.

यासाठी मी स्वतःची कॉल शीट लिहू लागले आहे. शूटिंगला जाण्यापूर्वी पहाटे एक तास, आणि त्या तासाला कोणते काम, हे आदल्या रात्रीच कागदावर मांडून ठेवते. काही पहाटे एक ओळही जमत नाही, तरी मी त्या वेळेला बसते. आणि असे बसल्यावरच कल्पना सुचतात, हे मी आता ठामपणे सांगू शकते.

आई, तुझी काळजी पैशांची आहे, हे मी जाणते. मालिकांच्या कामाचे पैसे महिनोन्‌महिने उशिरा येतात, तरी नोकरीसारखे हे काम मी सोडणार नाही. सध्याचे शेड्यूल दिवाळीच्या सुमारास संपते, पुढचे सुरू होईपर्यंत मोकळीक आहे आणि गुऱ्हाळेही तेव्हाच पेटतात. माझ्यासोबत एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक असतील. त्यांना माडीवरची खोली द्यावी, एवढीच विनंती आहे. जेवणासाठी डबा लावू, तुझ्या गुडघ्यांवर आणखी भार नको.

बाबा, तुमच्या ओळखीच्या गुऱ्हाळमालकांशी मी स्वतः येऊन बोलेन, पण त्यापूर्वी तुम्ही एकदा विषय काढून ठेवावा. गुळव्यांनाही आधी विचारायला हवे. त्यांची इच्छा नसेल तर कॅमेरा बाहेर काढणार नाही. नवरात्रात दोन दिवस येते आहे, तेव्हा फोनवरच नमुन्याचे चित्रण करून पाहीन आणि ते आधी तुम्हा दोघांना दाखवीन.

तुमची,
लेक