‘समजलं का?’ असं न विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

‘संगीत आस्वाद’च्या शेवटच्या तासानंतर मी तुमच्या टेबलापाशी आलो होतो ते आभार मानायला. वाक्य तयार होतं, मनातल्या मनात दोनदा म्हणूनही झालं होतं. तुम्ही वर पाहिलंत आणि माझ्या तोंडून निघालं, “मॅडम, स्पीकरची वायर गुंडाळून ठेवू का?” तुम्ही म्हणालात, “ठेव.” मी ठेवली आणि निघून गेलो. त्याला आता बारा दिवस झाले. ती वायर अजून घशात अडकली आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण माझ्या कानांबद्दलचे आधीचे सगळे निकाल चारचौघांतच लागले होते.

पहिला निकाल मी अकरा वर्षांचा असताना लागला. समूहगीताची तालीम चालू होती. बसवणाऱ्या बाई रांगेसमोरून कान देत देत आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव.” मी हलवले. पुढे शाळा संपेपर्यंत प्रत्येक गाण्याला नुसते ओठच हलवले. त्यात मी इतका तरबेज झालो की एकदा पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून “हा मुलगा किती मनापासून गातोय” असं म्हटलं होतं. बाईंनी तेव्हा काही दुरुस्ती केली नाही. घरात आणि मित्रांत मी ‘औरंगजेब’ झालो, आणि खरं सांगायचं तर त्या नावाचा आधारही वाटायला लागला. औरंगजेबाला कोणी मैफिलीला चल म्हणत नाही.

दुसरा निकाल याच विषयाचा. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो. तुमच्या आदल्या वर्षी मी ‘संगीत आस्वाद’ घेतला होता, तेव्हा शिकवणारे दुसरे होते. तीन आठवड्यांत नादाची व्याख्या, बावीस श्रुती आणि दहा थाट वहीत उतरवून झाले, आणि त्या तीन आठवड्यांत वर्गात एकही स्वर वाजला नाही. पोहायला शिकवताना पाण्याचं रासायनिक सूत्र पाठ करून घ्यावं, तसं चाललं होतं. तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम. एकदा धीर करून विचारलं, “सर, सम ओळखायची कशी?” सर हसले. “ते आतून यावं लागतं.” पुढच्या बाकांवरची संगीताची मुलंही हसली. ज्याला आतून आलेलं नाही त्याने काय करायचं, हे व्याख्येत कुठेच नव्हतं. मी विषय सोडला.

तुमच्या वर्गात आलो तो निव्वळ नाइलाजाने. वेळापत्रकात दुसरं काही बसत नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक नसावं असं मला वाटत होतं. आता वाटतं, ठाऊक असणार.

तुम्ही पहिल्या दिवशी तानपुरा जुळवलात आणि दहा मिनिटं एक शब्द बोलला नाहीत. मग विचारलंत, “काय काय ऐकू आलं?” कोणी म्हणालं सा, कोणी म्हणालं पंचम. “आणि गंधार?” वर्ग गप्प. चार तारांपैकी एकही गंधाराला, म्हणजे ‘ग’ला, लावलेली नव्हती. मग फळ्यावर तुम्ही आकडे लिहिलेत, आणि मी त्या विषयात पहिल्यांदा ताठ बसलो. खर्जाची तार सेकंदाला 100 कंपनं करते असं धरलं, तर तिच्याच पोटात 200, 300, 400, 500 कंपनांचे स्वर बारीक आवाजात चालू असतात. 400 हा वरचा षड्ज, म्हणजे सा, मानला तर 500 हा त्याचा शुद्ध गंधार. घोडीवर तारेखाली घातलेला बारीक दोरा नेमका बसला, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलली, की हा न लावलेला स्वर आपोआप वर येतो. स्वयंभू गंधार.

मला तो त्या दिवशी ऐकू आला नाही. मी तसं सांगितलंही, आणि पुढचं वाक्य काय येणार याची तयारी करून बसलो. तुम्ही म्हणालात, “बरं, मग परवा.” आणि प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं तानपुऱ्याला दिलीत. चौथ्या की पाचव्या तासाला मी खिडकीबाहेर बघत असताना, लक्षही नसताना, तो गंधार कानात शिरला. त्यानंतर तो ऐकू न येणं मला जमलेलं नाही.

तुमची अजून एक सवय. रागाचं नाव तुम्ही आधी कधी सांगत नव्हता. आधी ऐकायचं, जे वाटेल ते लिहायचं, नाव सगळ्यात शेवटी. संगीताची मुलं वैतागायची, कारण नाव कळल्याशिवाय त्यांना काय वाटायला हवं ते कळत नसे. (हे जरा खवचट झालं. राहू दे.) त्यांनी कारण विचारलं तेव्हा तुम्ही गौहर जानचं ध्वनिमुद्रण लावलंत. 1902 साली भारतात ग्रामोफोनची मुद्रणं सुरू झाली तेव्हाची ती गायिका. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यात गाणं बसवायचं, आणि संपता संपता इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायचं. “बघा, तिनंसुद्धा नाव शेवटीच सांगितलंय,” असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

तीनतालाचा तास होता. मध्य लय, सतारीची गत. समेवर हात वर करायचा, एवढंच काम. सोळा मात्रा म्हणजे सोळा, मी संख्याशास्त्राचा, मला मोजता येत नाही असं कसं होईल? वहीत रेघा मारत होतो. एका आवर्तनात पंधरा भरायच्या, दुसऱ्यात सतरा. तिसऱ्यापासून मी जुना धंदा सुरू केला. पुढच्या बाकावरच्या मुलीचा हात वर गेला की माझा वर. ओठ हलवण्याचाच प्रकार, फक्त अवयव दुसरा.

तुम्ही ते पाहिलंत. कारण रेकॉर्ड तशीच चालू ठेवून तुम्ही पुढून निघालात, दिव्याचं बटण बघायला जावं तशा सावकाश मागे आलात आणि माझ्या बाकाच्या कडेवर टेकलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. समोर बघत उजवा हात बाकावर ठेवलात आणि एका बोटाने हलकेच मात्रा द्यायला लागलात, माझ्यापलीकडे कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या. नवव्या मात्रेला हात उचललात आणि तळवा वर करून ठेवलात. ही ‘खाली’, तालातली रिकामी जागा. मग पुन्हा बोट. पुन्हा नऊ, पुन्हा तळवा वर.

तीन आवर्तनं अशी गेली. चौथ्याला तुमचा हात नुसताच पडून राहिला. पण त्याआधीच मला काहीतरी जाणवायला लागलं होतं. तळवा वर झाला की एका मात्रेने डग्ग्याचा, तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा, घुमारा नाहीसा होत होता. धा तिं तिं ता म्हणताना जमीन काढून घेतल्यासारखी, उरलेली फक्त तबल्याची चाट. आणि चौदाव्या मात्रेला तो घुमारा परत येत होता, म्हणजे तीन पावलांवर सम. मोजायचं नव्हतंच. डग्गा गेला की थांबायचं, आला की निघायचं. माझा हात बाकावर उलटा झाला आणि नंतर समेवर वर गेला. पुढच्या मुलीच्या आधी!

तुम्ही उठलात आणि पुढे निघून गेलात.

“समजलं का?” असं विचारलं नाहीत. मॅडम, या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. तो प्रश्न दिसायला मायेचा असतो, पण त्याला उत्तर एकच देता येतं. मी आयुष्यभर “हो” म्हणत आलोय. न समजता हो, अर्धवट समजून हो, वर्ग लवकर सुटावा म्हणून हो. तुम्ही विचारलं असतंत तर त्याही दिवशी “हो” म्हणालो असतो, आणि तो नुकताच सापडलेला डग्गा त्या हो-हो करण्यात हरवला असता. कोणी कौतुक केलं असतं तरी तेच झालं असतं. सगळ्या वर्गाने मागे वळून पाहिलं असतं, आणि मी पुन्हा रांगेतला तो मुलगा.

पुढच्या महिन्यात विलंबित एकतालाने माझा उरलासुरला माज उतरवला. मात्रा बाराच, पण घड्याळ लावलं तर एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट. तिथे मोजणी चालतच नाही, मधेच मन भटकून येतं. गाणारा आता मुखड्याकडे वळला, आता घरी निघाला, हे ऐकूनच सम गाठावी लागते. कधी गाठतो, कधी माझी गाडी चुकते. चुकली तर चुकली.

भूप आणि देशकारचा तासही आठवतो. तेच पाच स्वर, सा रे ग प ध, तरी दोन राग. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. मी घरी जाऊन दोन्ही मुद्रणांत गायक गंधारावर किती सेकंद थांबतो आणि धैवतावर किती, याचा तक्ता केला. भूपात गंधाराचं पारडं जड, देशकारात धैवताचं. आमच्या भाषेत सांगायचं तर सामग्री तीच, वारंवारता वेगळी. फार मोठा शोध लावल्याच्या थाटात तुम्हाला तक्ता दाखवला. तुम्ही तो नीट, शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलात आणि म्हणालात, “छान. आणि कानाला काय वाटलं?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही “सावकाश” म्हणालात. उत्तर दोन आठवड्यांनी सुचलं: भूप बसलेला असतो, देशकार उभा. शास्त्रात बसतं की नाही कोण जाणे, पण हे माझं आहे.

पाश्चात्त्य संगीताला जेमतेम दोन तास मिळाले. 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली बेथोव्हनची पाचवी सिंफनी, ते सगळ्यांना माहीत असलेले चार ठोके. तुम्ही स्वरलिपी पडद्यावर दाखवलीत. पहिला स्वर यायच्या आधी तिथे विराम लिहिलेला आहे. सुरुवातच गप्प राहून. त्या विरामापाशी, वर्गाकडे पाठ करून, तुम्ही उजव्या हाताचा तळवा अलगद वर केलात. ते माझ्यासाठी होतं की तुमची नुसती सवय, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

जाणकार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, या वर्षभरात मैफिलींना जायला लागल्यापासून तर जास्तच. सम येण्याआधीच “वा” म्हणून आपली हजेरी लावणारे, शेजाऱ्याने चुकीच्या जागी मान हलवली की तोंड वाकडं करणारे, मध्यंतरात कोणी कुठला राग म्हटला ते न विचारता सांगणारे. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसायचं कसं, ही वेगळीच विद्या आहे, आणि तिचा क्लास कुठे निघाल्याचं ऐकलं नाही. तुम्ही दीड मिनिटात ती शिकवलीत, तीही समोर बघत. आपलं बरंचसं शिक्षण अशा चार-दोन सभ्य माणसांवर तगून आहे, ज्यांना समोरच्याची लाज राखता येते. त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे आम्हा संख्याशास्त्रवाल्यांनाही सापडलेलं नाही.

‘ओठ हलव’ म्हणणाऱ्या बाईंवर आता राग नाही, असं लिहिणार होतो. पण आहे. थोडा आहे.

जाताना तुम्ही सगळ्यांना वीस ध्वनिमुद्रणं दिलीत. फक्त क्रमांक घातलेली, आणि नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात. बाकीच्यांनी पाकिटं जिन्यातच फोडली. मी सध्या सातव्या क्रमांकावर आहे. पंचम लागत नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. म्हणजे मारवा, पूरिया किंवा सोहनी. सोहनी नसावी, ती वरच्या सप्तकात रमते आणि हा माणूस खालीच रेंगाळतोय. परवापर्यंत मी मारव्यावर ठाम होतो, रिषभावरचा तो अधांतरी मुक्काम ऐकून. काल रात्री मात्र तो गंधारावर असा काही टेकला की पूरिया वाटायला लागला. आज पुन्हा ऐकेन. पाकीट टेबलावर आहे, अजून फोडलेलं नाही.

तुमचा,
शेवटून दुसऱ्या बाकावरचा