उद्धट म्हणून बोलणी खाणारे मूल आजारीही असू शकते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की 'मुलगा हाताबाहेर गेलाय, शिस्तीच्या निवासी शाळेत टाकू का?' असे विचारत पालक आमच्याकडे, मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशकांकडे, येतात. उलट उत्तरे, आदळआपट, अभ्यासाचे नाव काढले की भांडण, ही तक्रार ते सविस्तर सांगतात. त्याच मुलाने आवडते क्रिकेट सोडले आहे, रात्री दोनपर्यंत त्याला झोप नसते, तो अर्ध्या ताटावरून उठतो, हे मात्र खोदून विचारल्यावरच कळते.

किशोरवयातले नैराश्य रडव्या चेहऱ्यानेच येते असे नाही. निदानाच्या निकषांतच या वयासाठी उदासीऐवजी चिडचिड ग्राह्य धरली आहे. ती दोन आठवडे जवळजवळ रोज हवी. आणि झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार वगैरे धरून नऊपैकी किमान पाच लक्षणे हवीत. सतत विरोध करणे, वाद घालणे हाही एक वेगळा विकार असू शकतो; त्यासाठी आठपैकी चार लक्षणे सहा महिने टिकावी लागतात, आणि फक्त भावंडांशी होणारी भांडणे त्यात मोजत नाहीत. एकाच मुलात दोन्ही असणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून आधी काय सुरू झाले, हे विचारायला हवे. पाच-सहा वर्षांपासून हट्ट असेल तर अतिचंचलता आणि अध्ययन अक्षमता तपासावी. चौदाव्या वर्षापर्यंत समंजस असलेले मूल अचानक बिथरले असेल, तर नैराश्य, नशा, शाळेतली छळवणूक आणि लैंगिक अत्याचार या शक्यता आधी पाहाव्यात. त्यासाठी मुलाशी एकट्याने बोलणे भाग आहे. मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

उपचारात सर्वांत जास्त चूक होते ती दोहोंपैकी एकच बाजू धरण्याची. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये नैराश्य आणि गंभीर वर्तनविकार दोन्ही असलेल्या 93 मुलामुलींवर झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. नैराश्यासाठीच्या गट-उपचारानंतर 39 टक्के मुले नैराश्यातून बाहेर आली, तुलनेच्या गटात 19 टक्के. वर्तनात मात्र फरक पडला नाही. मन हलके झाले की वागणे आपोआप सुधारेल, या भरवशावर राहता येत नाही. नुसता धाक तर अधिकच घातक, कारण 'मी कुणाच्याच कामाचा नाही' या मुलाच्या समजुतीवर तो शिक्कामोर्तब करतो.

घरातले चक्र नीट पाहिले की कुठे हात घालायचा ते कळते. रात्री दहाला आई स्वयंपाकघरातून 'मोबाइल ठेव' म्हणते. चार हाका होतात, पाचवीला आरडाओरडा, मग मुलगा दार आपटतो आणि आई थकून विषय सोडते. दार आपटले की सुटका होते हे मुलगा शिकतो. गप्प बसले की घर शांत राहते हे आई शिकते. हे मोडायला जवळ जाऊन, हलक्या आवाजात, एकच सूचना द्यावी आणि काही क्षण थांबावे. ऐकले तर लगेच दखल घ्यावी. नाही ऐकले तर आधी ठरलेला छोटा परिणाम: उद्याचा एक तास मोबाइल नाही. महिनाभर जप्ती नको. मध्यरात्री हिसकावून घेणे तर नकोच; मारहाण आणि स्वतःला इजा करून घेणे अशा झटापटीत घडू शकते. पहिले एक-दोन आठवडे मुलाचा विरोध वाढतो. नेमके तेव्हाच 'हे काही उपयोगाचे नाही' म्हणून पालक माघार घेतात.

खेळ, मित्र आणि छंद शिक्षा म्हणून कधीही बंद करू नयेत, हे आम्ही कळकळीने सांगतो. नैराश्याच्या उपचारात याच गोष्टी थोड्याथोड्या परत सुरू करायच्या असतात. संध्याकाळी वीस मिनिटे मैदानावर जाणे हे औषधाइतकेच गांभीर्याने घ्यावे.

नैराश्य मध्यम वा तीव्र असेल तर समुपदेशनाबरोबर गोळी लागू शकते. या वयात फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधाचा अनुभव सर्वाधिक आहे. डॉक्टर बहुधा 10 मिलिग्रॅमने सुरुवात करून आठवडाभराने 20 करतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात अस्वस्थता, झोप उडणे किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्येच तसा इशारा दिला आहे. म्हणून पहिला महिनाभर दर आठवड्याला भेट हवी. घराण्यात कुणाला उन्मादाचे (झोप न घेता अति उत्साहात, बेफाम वागण्याचे) झटके आले असतील तर ते आधीच सांगावे. बरे वाटल्यावरही औषध सहा ते बारा महिने चालते आणि हळूहळू उतरवले जाते. राग आवरावा म्हणून पहिल्याच भेटीत रिस्पेरिडोन हे तीव्र मनोविकारांवरचे औषध देणे आम्हाला मान्य नाही. त्याने वजन वाढते, सुस्ती येते, आणि ही सुस्ती व नैराश्य यांत गल्लत होते.

गोळ्या पालकांच्या ताब्यात, कुलपात असाव्यात. शेतकरी घरात कीटकनाशकाचे डबेही घराबाहेर, कुलूपबंद ठेवावेत. भांडण आणि टोकाचे पाऊल यांत कधी काही मिनिटांचेच अंतर असते. तातडीच्या वेळी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शासनाकडे आमची एक मागणी आहे. सरकारी रुग्णालयांतल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये किशोरवयीनांचे समुपदेशन होते. तिथे पालकांसाठी आठ-दहा सत्रांचे प्रशिक्षणही सुरू करावे आणि ते रविवारी किंवा संध्याकाळी ठेवावे. रोजंदारी बुडवून दर आठवड्याला येणे कोणत्याही आईबापाला परवडत नाही, आणि दोन सत्रांनंतर येणे बंद झाले की मुलाचा निम्मा उपचार तिथेच थांबतो.

— किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे काही मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशक, पुणे