अभ्यासिकेचे वायफाय आणि संपलेले पत्ते

महोदय,

पंचवटीत मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. पेठ, सुरगाण्याहून आलेली मुले इथे दोन पाळ्यांत बसतात. दोन महिने संध्याकाळच्या पाळीची एकच तक्रार होती, सहानंतर फोन वायफायला जोडलाच जात नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी एक मुलगी रडवेली होऊन सायबर कॅफेकडे धावली. नेट बसवणाऱ्याने जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला लावला. घेतला, तरी तेच.

शेवटी माझ्या भाच्याने राऊटरच्या सेटिंगचे पान उघडून दाखवले. राऊटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, देतो; तो मिळाल्याशिवाय नेट चालत नाही. आमच्याकडे १९२.१६८.०.१०० ते १९९ एवढे शंभरच पत्ते वाटायला ठेवले होते आणि मुदत होती २४ तास. सकाळची ५० मुले, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, की झाले १००! मुले दुपारी खोलीवर जात, पण पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर अडकून राहत. मुदत २ तास केली आणि प्रश्न मिटला. जागेवर बसलेल्याचे नेट तुटत नाही, कारण निम्मी मुदत सरली की त्याचा फोन आपणहून ती वाढवून घेतो. प्रिंटरला मात्र १०० च्या खालचा एक कायमचा पत्ता राखून दिला.

त्याआधी नोंदलेल्या मॅक पत्त्यांनाच (मॅक पत्ता म्हणजे कंपनीने प्रत्येक यंत्राला दिलेला स्वतःचा क्रमांक) प्रवेश द्यायचा, हाही प्रयोग झाला होता. मुलांनी खोक्यावरचा क्रमांक लिहून दिला आणि बरेच फोन बाहेरच राहिले. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता न दाखवता बदललेला दाखवतात. शिवाय यादीतला पत्ता हवेतून टिपून दुसऱ्या यंत्राला लावता येतो. त्यामुळे अशी यादी म्हणजे कुलूप नव्हे. आमच्या ऑफिसच्या संगणकात मुलांच्या आधारकार्डाच्या प्रती आहेत. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून मुलांचे वायफाय गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे ऑफिसच्या संगणकापासून तोडलेल्या जाळ्यावर, वेगळे केले आणि दोन्हींचे पासवर्ड बदलले.

शहरातल्या वाचनालयांना, शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, वेगाचे पैसे वाढवण्याआधी पत्ते किती आणि मुदत किती एवढे बघा. आणि राऊटर बसवून देणाऱ्यांनी त्याचा अॅडमिन पासवर्ड मालकाला लिहून द्यावा. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून राऊटर रिसेट करून सगळे पुन्हा भरावे लागले, आणि तो अख्खा दिवस मुलांचे नेट बंद राहिले.

— एक अभ्यासिका चालक, पंचवटी, नाशिक